सिमरोलचा घाट आणि लाला दीनदयाळांचा कॅमेरा

इंदुराहून खंडव्याकडे जाणाऱ्या सडकेने दक्षिणेस निघाले, की सुमारे पंचवीस किलोमीटरांवर सिमरोल हे गाव लागते. माळव्याची काळी, सपाट, गव्हाहरभऱ्याची जमीन येथे संपत येते आणि थोडे पुढे गेल्यावर पठाराची कड तुटून विंध्याचा उतार सुरू होतो. सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात वा गोव्यात जाणाऱ्या वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. फरक इतकाच, की घाटाच्या पायथ्याशी येथे समुद्राची चाहूल नाही, नर्मदेची आहे. या कडेवर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. उत्तरेकडे वळलेले पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना आणि गंगा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास मिळते. दक्षिणेकडे वळलेले पाणी चोरल नदीतून नर्मदेत आणि नर्मदेतून खंबायतच्या आखातात जाते. दोन समुद्रांची वाटणी करणारा हा बांध आहे, आणि त्या बांधावर साग, धावडा, पळस आणि मोह यांचे रान आहे. काही ठिकाणी ते होते, असे म्हणणे अधिक खरे.

वकिलीच्या कामानिमित्त या सडकेने माझे जाणेयेणे पुष्कळ झाले आहे. दरवेळी काहीतरी उणे झाल्यासारखे वाटते. पण ‘काय उणे झाले?’ असे कोणी विचारले, तर मला नेमके सांगता येत नाही. आठवण हा पुरावा नव्हे, हे ज्याला रोज न्यायालयात ऐकावे आणि ऐकवावे लागते, त्याला ही उणीव अधिक बोचते. म्हणूनच, इंदुरात ज्याच्या कलेचा उदय झाला आणि ज्याने मध्य भारताचे रूप काचेवर उतरवून ठेवले, त्या छायाचित्रकाराचे चरित्र मी पुनःपुन्हा वाचीत आलो. त्याने काय टिपले, हा प्रश्न तर आहेच. पण काय टिपले नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

छायाचित्रणाची कला आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. पेडण्याच्या परिसरातील मांद्रे गावचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही त्या आरंभीच्या काळात या विद्येच्या नादी लागलेले होते. गोमंतकातून मुंबईस गेलेल्या एका घराण्यातील दोन वैद्य काळे कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागे उभे आहेत, हे चित्र आपल्या वाचकांनी मनात ठेवण्याजोगे आहे. पुढे वीस वर्षांनी ही कला होळकरांच्या इंदुरात एका सरकारी नोकराच्या हाती आली. त्याचे नाव लाला दीनदयाळ.

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना या गावी, एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या टॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १८६६ साली ते इंदुरात बांधकाम खात्याच्या सचिवालयात मुख्य एस्टिमेटर व ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. मोजमाप घेणे, आराखडे काढणे आणि खर्चाचा अंदाज बांधणे हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना आश्रय दिला, आणि गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डॅली यांनी उत्तेजन. १८७५-७६ मध्ये वेल्सचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता त्यांची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. डॅली यांच्यानंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी १८८० नंतरच्या वर्षांत बुंदेलखंडाचा दौरा केला. त्या प्रवासात आणि आसपास घेतलेल्या छायाचित्रांचा ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८८६ साली निघाला. ग्वाल्हेर, सांची, खजुराहो, ओरछा, दतिया या स्थळांची ऐंशीहून अधिक छायाचित्रे त्यात आहेत. पुढे सरकारी नोकरी सोडून ते हैदराबादेस निजामाच्या आश्रयास गेले, १८९४ साली ‘राजा बहादुर मुसव्वर जंग’ झाले, १८९६ साली त्यांनी मुंबईत चित्रशाळा उघडली, आणि १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रशाळेच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. व्यक्तिचित्रांसाठी त्यांची कीर्ती मोठी. पण त्यांची नजर घडली ती उन्हात, इमारतींसमोर आणि डोंगरांसमोर.

त्या काळचे हे काम किती कष्टाचे होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेला रसायनाचा लेप देऊन, तो ओला असतानाच ती कॅमेऱ्यात घालावी लागे आणि लेप वाळण्यापूर्वीच ती धुवून पक्की करावी लागे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे कॅमेरा जेथे जाईल तेथे काळोखी राहुटी, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी जावयास हवे. यांतले पाणी सर्वांत अवघड. गढूळ पाण्याने काच डागाळे. म्हणून स्वच्छ झरा अथवा विहीर जवळ असणे ही चांगल्या चित्राची पहिली अट होती. १८८० नंतर कोरड्या काचा प्रचारात आल्या आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. परंतु आरंभीच्या पिढीच्या प्रत्येक निसर्गचित्रामागे जवळपास कोठेतरी वाहते पाणी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. झरा चित्रात दिसत नाही. पण त्याच्यावाचून चित्र झाले नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दीनदयाळ इंदुरात असतानाच, सिमरोलच्या पश्चिमेस, या भूप्रदेशाचे रूप पालटीत होते. १८७० साली महाराज तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. खंडव्याहून सनावदपर्यंतचा पहिला टप्पा १८७४ साली, म्हणजे दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला त्याच सुमारास, खुला झाला. मग नर्मदेवर पूल झाला, चोरलच्या खोऱ्यातून कालाकुंड आणि पातालपाणी यांच्या दरम्यान बोगदे खणून घाट चढविला गेला, आणि १८७८ च्या आरंभी गाडी इंदुरास पोहोचली. लोहमार्ग म्हणजे केवळ लोखंड नव्हे. त्या काळी दर मैलास सतराशेहून अधिक लाकडी स्लीपर लागत, आणि ते काही वर्षांनी कुजून पुन्हा बदलावे लागत. देशभरच्या लोहमार्गांची ही भूक भागविण्यासाठीच १८६४ साली सरकारने वनखाते काढले, आणि १८६५ व १८७८ साली जंगलाचे कायदे केले. हे कायदे ब्रिटिश मुलखापुरते होते, संस्थानांचे नियम निराळे. पण दृष्टी एकच. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि जंगल म्हणजे सरकारी मालमत्ता. वनाचे रक्षण या शब्दांचा तेव्हाचा अर्थ, दुसऱ्याने तोडू नये, इतकाच होता.

याच १८६४ साली जगाच्या दुसऱ्या टोकास निराळी घटना घडली. कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराने १८६१ साली कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्याची प्रचंड आकाराच्या काचांवर छायाचित्रे घेतली होती. ते खोरे ज्यांनी कधी पाहिले नव्हते, अशा पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी ती पाहिली. आणि ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी ते खोरे सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. विल्यम हेन्री जॅक्सन याने १८७१ साली यलोस्टोनची छायाचित्रे घेतली, आणि १८७२ च्या मार्चमध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. पुढच्या शतकात ॲन्सेल ॲडम्स हा तर आपली चित्रे घेऊन १९३६ साली थेट वॉशिंग्टनला गेला. १९३८ च्या त्याच्या सिएरा नेवाडाविषयीच्या ग्रंथाची प्रत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचली, आणि १९४० साली किंग्ज कॅन्यनला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. केवळ छायाचित्रांनी कायदे होतात, असे समजण्याइतका मी भोळा नाही. त्यामागे माणसे, संस्था आणि हितसंबंधही होते. पण चित्र हे त्या खटल्यातील एक साक्षीदार होते, हे नाकारता येणार नाही. आणि या साक्षीतही एक खोट होती. वॉटकिन्सच्या खोऱ्यात माणसे दिसत नाहीत. तेथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना १८५१ साली शस्त्रबळाने हुसकण्यात आले होते. ते रिकामे दिसणारे निसर्गसौंदर्य मुळात रिकामे नव्हते.

आपल्याकडे कॅमेऱ्याने कोणाची वकिली केली? दीनदयाळांची छायाचित्रे पाहिली, की उत्तर स्पष्ट होते. त्यांचा कॅमेरा मंदिर, स्तूप, किल्ला आणि राजवाडा यांच्यासमोर उभा राहतो. झाड असते ते बाजूस, इमारतीच्या उंचीचे माप म्हणून. नाहीतर पडक्या शिखरातून उगवलेला पिंपळ असतो, तोही आरोपी म्हणून. यात त्यांचा दोष नाही. काम सांगणारे अधिकारी पुरातन वास्तूंच्या चिंतेत होते. १८८१ साली मेजर कोल यांची प्राचीन वास्तूंचे क्युरेटर म्हणून नेमणूक झाली, सांचीच्या स्तूपाची डागडुजी त्याच सुमारास सुरू झाली, आणि ग्रिफिन यांचा ग्रंथ याच प्रवाहातला. त्या प्रवाहातून अखेर १९०४ साली प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. दीनदयाळ यांनी तो पाहिला. पुढच्या वर्षी ते गेले. खजुराहोच्या शिल्पांना कायद्याचे छत्र मिळण्यापूर्वी त्यांना छायाचित्राचे वकीलपत्र मिळालेले होते. चोरलच्या खोऱ्यातील सागाला ते कोणी दिले नाही.

हा क्रम पुढेही तसाच राहिला. १९५० च्या आपल्या संविधानात स्मारकांच्या रक्षणाचे कर्तव्य राज्यावर टाकणारा ४९ वा अनुच्छेद पहिल्यापासून आहे. पर्यावरण, वने आणि वन्य जीव यांच्या रक्षणाचा अनुच्छेद, ४८-क, हा मात्र १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. आणि वनजमीन अन्य कामास देण्यावर केंद्राचे बंधन घालणारा कायदा १९८० साली. दगडाच्या आणि झाडाच्या हक्कांत सव्वीस वर्षांचे अंतर पडले. जे चित्रात मध्यभागी होते ते कायद्यात आधी आले. जे कडेला होते ते कडेलाच राहिले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु दीनदयाळांवर अन्याय व्हावयास नको म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात त्यांच्या चित्रशाळेने निजामाच्या राज्यातील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) भागात दुष्काळग्रस्तांची आणि मदतकार्याची छायाचित्रे घेतली. दरबार, शिकारी आणि मेजवान्या टिपणाऱ्या काचांवर हाडांचे सापळे झालेली मराठवाड्यातील माणसेही उमटली. सरकारने काय केले ते दाखविणे हाच त्या चित्रांचा उद्देश असेल. तरी पाऊस आणि अन्न गेल्यावर माणसाचे काय होते, हे त्यांत दिसल्यावाचून राहत नाही. छायाचित्रकाराला जे सांगावयाचे असते त्याहून अधिक त्याची काच सांगून जाते. छायाचित्राचे खरे मोल यात आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही मला यातच सापडते.

आमच्या धंद्यात छायाचित्राचे स्थान जुने आहे. दीनदयाळांनी कॅमेरा घेण्याच्या दोनच वर्षे आधी, १८७२ साली, पुराव्याचा कायदा झाला. छायाचित्राने उतरविलेले शब्दही दस्तऐवजच होत, असे त्याने सांगितले. आणि मूळ दस्तऐवजाचे छायाचित्र हा दुय्यम पुरावा होय, मात्र ज्याचे चित्र घेतले ते मूळच होते हे सिद्ध झाले पाहिजे, असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. पण मूळ आणि दुय्यम हा भेद कायम आहे. दुय्यम पुरावा केव्हा चालतो? मूळ हरवले, नष्ट झाले, अथवा हजर करणे अशक्य झाले तर. हा नियम कागदांसाठी आहे, डोंगरांसाठी नाही, हे मी जाणतो. तरी सिमरोलच्या घाटात उभे राहिल्यावर तो मला आठवतो. मूळ जागेवर असेपर्यंत नकलेला कोणी विचारीत नाही. आणि नकलेची गरज पडते तेव्हा मूळ गेलेले असते.

काही वर्षांपूर्वी या बाजूच्या एका खेड्यातील वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. त्यांच्या शेताकडेचा नाला शेजारच्या जमिनीत भराव टाकून बुजविला गेला होता आणि पावसाचे पाणी त्यांच्या उभ्या पिकात शिरत होते. प्रतिपक्षाचे म्हणणे, की तेथे नाला कधी नव्हताच. “वकीलसाहेब, माझ्याकडे पुरावा आहे,” असे म्हणून त्यांनी पिशवीतून एक चौकट काढली. तो त्यांच्या लग्नाचा फोटो होता. पुढे मुंडावळ्या बांधलेली ती दोघे, आणि मागे, छायाचित्रकाराच्या लक्षातही न आलेला, अर्जुनाच्या झाडांखालून वाहणारा नाला. लग्नपत्रिकेवरून तिथी सिद्ध होत होती. पण स्थळ सिद्ध होईना. छायाचित्रकार हयात नव्हता, फोटोमागे गावाचे नाव नव्हते, आणि ती झाडे तोडली गेली होती. उलटतपासणीत त्यांना विचारण्यात आले, “हा नाला तुमच्याच शेताकडेचा, हे कशावरून?” म्हातारबुवा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “त्या पाण्यात मी पोहायला शिकलो.” उत्तर खरे होते. पुरावा म्हणून त्याचे मोल फारसे नव्हते. प्रकरण शेवटी तडजोडीने मिटले. एक चर खणून देण्याचे ठरले. नाला परत आला नाही.

त्या दिवसापासून माझे मत बनले आहे, की पर्यावरणाविषयी आपल्याला केवळ कळकळ पुरणारी नाही, नोंद हवी. आज हरित न्यायाधिकरण आहे (कायदा २०१० चा), त्याचे मध्य विभागाचे पीठ भोपाळला बसते, आणि न्यायालयाचा दरवाजा सामान्य नागरिकालाही उघडा आहे. दरवाजापाशी पहिला प्रश्न येतो तो हाच: पूर्वी तेथे काय होते? सिमरोलचा परिसर झपाट्याने बदलतो आहे. २००९ साली स्थापन झालेली इंदूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथील माळावर वसली. खंडव्याकडे जाणारी सडक चौपदरी करण्यासाठी घाटाच्या पोटात बोगदे खणले गेले. होळकरांच्या जुन्या मीटरगेज मार्गाच्या जागी रुंद मार्गाची योजना आली. यांतील प्रत्येक गोष्टीची कोणाला ना कोणाला गरज आहे, आणि सडक नको, शाळा नको, असे म्हणणारा मी नव्हे. इंदूर शहराचीच गोष्ट घ्या. आपल्या जवळच्या पाण्यावर त्याचे भागेना, म्हणून १९७८ पासून जलूदहून नर्मदेचे पाणी पंपांनी विंध्याच्या वर चढवून शहराला दिले जाते. पाणी जो डोंगर उतरून गेले तो त्याला पुन्हा चढावयास लावणे, याचा खर्च आपण वीजबिलात मोजतो. पण उतारावरची झाडे आणि झरे गेल्याचा खर्च कोठेच मांडला जात नाही, कारण ते तेथे होते याची नोंद नाही.

ही नोंद करण्यासाठी दीनदयाळांची प्रतिभा लागत नाही, त्यांची शिस्त लागते. ते मुळात मोजमाप घेणारे होते. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि पाण्याच्या घागरी वाहण्याची गरज नाही. घाटातील ठराविक ठिकाणी, ठराविक ऋतूत, दरवर्षी तेच दृश्य टिपावे. तारीख, स्थळ आणि टिपणाऱ्याचे नाव लिहावे. मूळ प्रत जपावी. आणि ती कोणालाही पाहता येईल अशा ठिकाणी, शाळेत, ग्रंथालयात वा ग्रामपंचायतीत, ठेवावी. त्यात नाला असावा, झाड असावे, आणि माणूसही असावा. चोरलच्या खोऱ्यातील भिल्ल-भिलालांची घरे, त्यांची मोहफुले वेचणारी माणसे चित्राबाहेर ठेवून काढलेला निसर्ग ही अर्धी साक्ष होय. योसेमिटीने हे एकदा शिकविले आहे. गोव्यातील खाणींच्या टेकड्या असोत की कोकणातील खाजणे, तेथील वाचकांनाही हेच लागू आहे.

पुढच्या खेपेस मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा म्हातारबुवांच्या शेताशी थांबलो. चरात थोडे पाणी होते. मी त्याचा फोटो घेतला, त्यांना बांधावर उभे करून. मागे गावाचे नाव आणि तारीख लिहून एक प्रत त्यांना दिली. “आता याचा काय उपयोग?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “आज नाही. तुमच्या नातवाला होईल.” त्यांनी तो लग्नाच्या फोटोशेजारी भिंतीवर लावला.